विकतचा कळफलक आणि हातचा कळफलक

(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला एक सामान्य प्राथमिक शिक्षक. तेव्हा उपदेश न करता घरात घडलेली एक गोष्टच आपणापुढे ठेवतो.

माझा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या दिवाळीत त्याने संगणकासाठी अठरा हजार रुपयांचा कळफलक मागितला. ही रक्कम माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी! चिरंजीव हप्त्यांनी घेण्यास सिद्ध झाले. मी नातवाला एवढेच विचारले, “बाळ, त्यात असते तरी काय?”

तो म्हणाला, “आबा, साध्या कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एकच पापुद्रा असतो. तो झिजला की सारेच टाकावे लागते. यात प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच व स्वतःची स्प्रिंग असते.” कळ दोन मिलिमीटर दाबली की अक्षर उमटते आणि चार मिलिमीटरवर ती तळाला टेकते. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८०च्या दशकात ही घडण रूढ केली. पुढे पेटंटची मुदत सरल्यावर चीनमधील कारखाने तसेच स्विच करू लागले आणि ते स्वस्त झाले. आम्हांला एक स्विच वीस रुपयांना मिळाला. म्हणजे अठरा हजारांतील फार थोडा भाग बोटाखालच्या वस्तूचा होता. उरलेला धातूच्या पेटीचा, रंगरूपाचा आणि नावाचा!

मग आम्ही आजा-नातवांनी तो घरीच करावयाचे ठरविले. एकसष्ट स्विच, तितकेच डायोड, ॲक्रिलिकची कापून घेतलेली पट्टी, कळांच्या टोप्या आणि रास्पबेरी पाय पिको नावाची बोटाएवढी पाटी आणली. प्रत्येक कळीला वेगळी तार दिली तर एकसष्ट तारा लागतील. परंतु पाच आडव्या व चौदा उभ्या ओळींची जाळी केली की एकोणीस जोडण्यांत काम भागते. त्यासाठी लागणारी क्यूएमके ही आज्ञावली विनामूल्य मिळते.

सर्व डाख लावून झाले, पण एक संपूर्ण ओळ मुकी राहिली! तीन संध्याकाळी गेल्या. मी दिवा धरून बसलो आणि नातू मीटरने एकेक जोड तपासू लागला. शेवटी कळले, की त्या ओळीतील डायोड उलटे बसले होते; त्यांवरील काळी रेघ चुकीच्या बाजूस होती. ते फिरविताच ओळ बोलू लागली. त्या क्षणी त्याच्या मुखावर जो आनंद मी पाहिला, तो विकतची पेटी उघडताना दिसला असता असे मला वाटत नाही.

आता हिशेब. सामानाला तीन हजार आठशे आणि हत्यारांना बाराशे, मिळून पाच हजार रुपये लागले; शिवाय तीन आठवडे गेले. धातूच्या पेटीचा भक्कमपणा आमच्या कळफलकास नाही. लांब कळ खडखडत होती, तिला ग्रीस लावावे लागले. म्हणून ज्याचे पोट टंकलेखनावर आहे, अथवा ज्याची परीक्षा तोंडावर आहे, त्याने हमी असलेला तयार कळफलकच घ्यावा. डाख न लावता स्विच बदलता येतील असे कळफलकही काही हजारांत मिळतात; पुष्कळांना तोच मध्यम मार्ग सोयीचा. महाग घेणारा प्रत्येक जण मूर्ख असतो असेही नाही. जपानचे संगणकतज्ज्ञ ईइची वादा यांनी कळफलकाला खोगिराची उपमा दिली आहे: घोडा बदलला तरी स्वार खोगीर टाकीत नाही. वर्षानुवर्षे वापरावयाच्या वस्तूवर खर्च करणे गैर नव्हे. तथापि शेजाऱ्याकडे आहे म्हणून कर्ज काढणे गैरच.

पैसे वाचले, ते थोडेच. खरा लाभ हा, की ती वस्तू बिघडली तर कोठे पाहावे हे आता आमच्या घरात ठाऊक आहे.

म्हणून एक विनंती. मंडळाच्या अभ्यासिकेत डाख लावण्याचे साहित्य, एक मीटर आणि थोडे सुटे भाग ठेवावेत. ज्याची घरी खरेदी करण्याची ऐपत नाही असा विद्यार्थीही तेथे हात चालवील. या कार्यासाठी माझ्यातर्फे एक हजार रुपये मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करतो.