कोर्टाच्या किल्ल्या कोणाकडे?



कोर्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायाधीश येतात, काळ्या डगल्यातले वकील येतात. ज्यांच्या कचेरीतून प्रत्येक कागद जातो ते रजिस्ट्रार, म्हणजे प्रबंधक, आपल्या गावीही नसतात. घरात हुकूम कोणाचाही चालो, कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असतात हे आपणां बायकांना सांगायला नको. कोर्टाच्या किल्ल्या यांच्याकडे.

यांना नेमते कोण? पुष्कळजणी म्हणतील, मंत्री. तसे नाही. घटनेच्या २२९ व्या कलमाप्रमाणे हायकोर्टाचे अधिकारी व नोकर मुख्य न्यायमूर्ती नेमतात, किंवा ते सांगतील ते न्यायमूर्ती वा अधिकारी. सुप्रीम कोर्टासाठी असेच १४६ वे कलम आहे. या कचेरीच्या खर्चावर विधानसभेत चर्चा होईल, पण मत घेता येत नाही. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपले भांडण कधी सरकारशीच असते. जमीन रस्त्यात जाते, पेन्शन अडते. तेव्हा कागद सांभाळणारा मंत्र्याच्या मर्जीतला असून कसे चालेल?

मुंबईचे हायकोर्ट १८६२ सालचे. तेथे सर्वांत वरचे रजिस्ट्रार जनरल. ते बहुधा जिल्हा न्यायाधीशांतून येतात. शिवाय मूळ शाखेकडे 'प्रोथोनोटरी अँड सीनिअर मास्टर' असा एक अधिकारी असतो. हे नाव घेण्यापेक्षा उखाण्यात नाव घेणे सोपे!

काम काय? अर्ज घ्यायचे, तपासायचे, नंबर द्यायचा, बोर्डावर लावायचे, नकला द्यायच्या, दप्तर जपायचे. पाने लागत नाहीत, सही राहिली, फी कमी पडली, की कचेरी हरकत काढते. आमच्या आळीतल्या एक बाई पोटगीच्या अर्जावर हरकत निघाली म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना वाटले, हरलो. प्रत्यक्षात एक नक्कल पुसट होती. दुसरी जोडली, नंबर पडला. बायांनो, कचेरी कागद पुरा आहे का एवढे पाहते. बाई खरी की खोटी, हे न्यायाधीशच ठरवतात. मात्र हरकत मुदतीत दूर केली नाही तर अर्ज निकालातही निघतो, तेव्हा रडत बसू नये.

नकलेचे तर लक्षात ठेवाच. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०. नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस यातून वजा होतात. म्हणून अर्ज लगेच द्यावा आणि नकलेवरच्या तारखा स्वतः वाचाव्यात. वाचता येते ना आपल्याला?

आणि फी कमी म्हणून हरकत निघाली तर आधी वकिलांना विचारा, माफी मागितली होती का? महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, वैवाहिक बाबींतून निघालेले मालमत्तेचे वाद, अत्याचार आणि घटस्फोट यांच्या दाव्यांत बाईला कोर्ट-फी माफ आहे. वकीलच नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने बाईला तेथे वकील फुकट मिळतो, घरचे उत्पन्न कितीही असो.