तळपायाचा तीळ



कातडीच्या कर्करोगाविषयी बोलायला कामगार चळवळीतील माणसे कशाला, असे आपणांस वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. परंतु हा रोग आपल्याकडे पुष्कळदा पायाला गाठतो, आणि पाय हे कष्टकऱ्याचे भांडवल आहे.

मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. ऑस्ट्रेलियातील गोऱ्या लोकांत तो फार. तेथे मुख्य दोष उन्हाचा. आपल्या सावळ्या कातडीचे तिच्यातील रंगद्रव्यच पुष्कळ रक्षण करते, म्हणून आपल्याकडे तो विरळा. पण विरळा म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. आपल्या कर्करोग रुग्णालयांत येणाऱ्या अशा रोग्यांत तळपाय, टाच आणि नखाखालची जागा ही ठिकाणे ठळकपणे आढळतात. तेथील रोगाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. शिवाय पुष्कळ रोगी येतात तेव्हा डागाचा व्रण झालेला असतो, जांघेत अवधाण आलेले असते.

उशीर का होतो? डाग दुखत नाही. कोणी त्याला कुरूप समजतो, कोणी काट्याची जखम, कोणी नखुरडे. जमैकाचा जगविख्यात गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

या रोगात खोलीला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले की, गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली म्हणजे धोक्याचा अंदाज येतो. एक मिलिमीटरहून पातळ असताना ती काढून टाकली, तर बहुतेक रोगी वाचतात. जाडी वाढली की रोग शरीरात पसरण्याचा संभव वाढतो. आज नवी औषधे आहेत, पण ती महाग आहेत आणि सर्वांनाच गुण देत नाहीत.

आता आमचा मुद्दा. न दुखणारा डाग दाखवायला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. १९४८ च्या कायद्याने कामगारांचा राज्य विमा आला, पण शेतमजूर बाईपर्यंत तो पोहोचलेला नाही. ती डाग दाखवायला जात नाही, यात तिचे अज्ञान थोडे आणि आपली व्यवस्था अधिक दोषी आहे. परळला, गिरणगावात, टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले; परंतु खेड्यातील रोगी तेथे पोहोचायचा, तर आधी गावच्या दवाखान्यात कोणीतरी त्याची चप्पल काढून तळपाय पाहिला पाहिजे.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. महिन्यातून एकदा घरातील सर्वांचे तळपाय आणि नखे उजेडात पाहा. वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा किंवा दोन-तीन रंगांचा डाग, एकाच नखात नव्याने उमटून रुंदावणारी काळी रेघ, न भरणारी जखम, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरला दाखवा. प्रत्येक डाग कर्करोग नसतो. तुकडा काढून तपासला म्हणजे निश्चित कळते. मात्र घरी ब्लेडने कापू नका, कुरुपाचे औषध लावून वाट पाहू नका. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईने दवाखान्यासाठी दिवस मागितला, तर तिचा पगार कापू नका.