संडास बांधले, मैला कुठे गेला?



पेरणी उरकून आपण आषाढीला पंढरीची वाट धरतो. पूर्वी राहुट्या वाळवंटातच पडत, घाणही तिथेच होई. ती सफाई कामगारांना हातानं उचलावी लागे. २०१३ च्या कायद्यानं त्यावर बंदी घातली. प्रकरण हायकोर्टात गेलं, नदीपलीकडे ६५ एकरांवर तळ झाला, संडास आले. चांगलं झालं. पण बांधकाम म्हणजे बंदोबस्त नव्हे. नदीकाठच्या वाळूत शोषखड्डा घेतला, तर घाण झिरपून चंद्रभागेतच जाते.

आमची मागणी साधी आहे: आधी मैला शुद्ध करण्याची सोय, मग इमारत. शुद्ध झालेलं पाणी शेताला द्या, पुरता कुजलेला गाळ खताला द्या. पाण्याची किंमत आम्हा कोरडवाहूवाल्यांना कुणी शिकवायला नको!