आठवड्याची कमाई : दुकानातील नोकराचा हिशेब
(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठल्याही बाजारात जा. कापड, किराणा, चप्पल, मोबाईल यांच्या दुकानांत आपली मुले-मुली उभी दिसतात. शेतमजुराची रोजी सगळ्यांना तोंडपाठ असते. दुकानातल्या पोराला आठवड्याला किती पडतात, हे मात्र त्याच्या आईलाही सांगता येत नाही. "महिन्याचे मिळतात काही तरी," एवढेच उत्तर येते.

अमेरिकेत प्रत्येक राज्यातील किरकोळ व्यापारातल्या कामगारांची सरासरी साप्ताहिक कमाई सरकार मोजते आणि दर तिमाहीला प्रसिद्ध करते. आपल्याकडे 2017 पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात कमाई विचारली जाते. पण रोजंदारी मजुराला आठवड्यातील दिवसांची आणि पगारी नोकराला महिन्याची. महिन्याचा आकडा घेतला की त्यामागचे तास झाकले जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पगार 9,000 रुपये आहे. वर्षाचे 1,08,000 झाले. त्याला 52 आठवड्यांनी भागा, आठवड्याला सुमारे 2,077 रुपये येतात. आठवड्याचे 48 तास काम असेल तर तासाला 43 रुपये पडले. पण सातही दिवस सकाळी 10 ते रात्री 9 उभे राहिले तर 77 तास होतात आणि तासाला 27 रुपयेच पडतात. पगार तोच, पण मजुरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली!

सरासरीलाही फसू नका. एका दुकानात चार नोकरांना 8,000 आणि व्यवस्थापकाला 28,000 मिळत असतील, तर सरासरी 12,000 निघते. तेवढे तर तिथे कोणालाच मिळत नाहीत.

हा विचार बाबासाहेबांनी आपल्या फार आधी केला होता. 1942 ते 1946 या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला तो 1946 च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. 1948 साली त्याचा कायदा झाला. अशा माणसाचा 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघात पराभव झाला, हेही आपण विसरू नये.

1948 सालीच मुंबई दुकाने व संस्था अधिनियम आला. त्याच्या जागी महाराष्ट्राने 2017 चा अधिनियम केला. तो करताना 10 किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच कामाचे तास, साप्ताहिक सुटी, दुप्पट दराने जादा कामाचा मोबदला या तरतुदी लागू झाल्या. लहान दुकानाने फक्त सूचना द्यायची. आमची मुले तर चार-दोन नोकरांच्या दुकानांतच असतात! किमान वेतनाला मात्र दुकानातील नोकरांच्या संख्येची अट नाही. 2019 ची वेतन संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. तिच्यात दुकानदाराने वेतनचिठ्ठी द्यावी अशी तरतूद आहे.

ही चिठ्ठी किती मोलाची, हे मी बँकेच्या काउंटरवर पाहतो. सहा वर्षे एकाच दुकानात राबलेला तरुण बहिणीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला येतो. पगार रोख, हातात कागद नाही. त्याची सहा वर्षे कोणत्याच वहीत नाहीत. मी त्याला खुर्ची देतो, पाणी देतो. त्याचा अर्ज पुढे सरकवू शकत नाही.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. नोकरानेही काम प्रामाणिकपणे करावे, हेही त्याच सुत्तात आहे. आपल्यातही आता दुकानदार झाले आहेत. हे सुत्त त्यांनी आधी आपल्या दुकानात पाळावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणी आहे. आपल्या वस्तीतील दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक भावाला, ताईला एक वही करून द्या. रोज आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि मिळालेले पैसे तिच्यात लिहायला शिकवा. रविवारी विहारात बसून तासांचा भागाकार करा. पगार खात्यात मागा, चिठ्ठी मागा. मागण्यासाठी आधी हिशेब माहीत पाहिजे. शिका, संघटित व्हा, याची सुरुवात या वहीपासूनही होऊ शकते.

नमो बुद्धाय! जयभीम!