वारसा पाहावा पायी

(पनवेल येथे भरलेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात एक हिशेब मांडला जातो. चार माणसांचे जाण्या-येण्याचे भाडे, दोन रात्रींचा मुक्काम, जेवणखाण आणि वरखर्च. बेरीज पाहून बेत बहुधा बारगळतो आणि मुले सुटीभर मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. जुनी नगरे आणि जुन्या वास्तू पाहणे हा सवड आणि पैसा असलेल्यांचा शौक आहे, असा समज त्यामुळे दृढ होतो. या समजाला उत्तर शोधण्यासाठी जयपूर किंवा हंपी गाठण्याची गरज नाही. आजची सभा ज्या गावात भरली आहे, ते पनवेलच त्यासाठी पुरेसे आहे.

आज पनवेलची ओळख काय? हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक, द्रुतगती मार्गाचा नाका आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा शेजार. इमारतींच्या जंगलात वाढणाऱ्या मुलाला हे गाव कालपरवा वसले असेच वाटणार. पण पनवेलला नगरपालिका स्थापन झाली १८५२ मध्ये, म्हणजे सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमराच्याही पाच वर्षे आधी. मुंबईहून गलबताने खाडीतून पनवेलच्या बंदरावर उतरायचे आणि तेथून बोरघाट चढून पुण्याकडे जायचे, हा त्या काळचा राजरस्ता होता. तांदळाच्या व्यापाराने आणि बैलगाडीच्या चाकांच्या धंद्याने गाव नावारूपाला आले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तशी ही वाहतूक दूर गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. एवढा इतिहास ज्या गावाच्या पोटात आहे, तेथे पाहण्यासारखे काही नाही असे कसे म्हणता येईल?

नावे वाचत चालावे

जुने गाव पायीच पाहावे. वाहनातून दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसतात. सकाळी सातच्या सुमारास बाजार उघडण्यापूर्वी निघावे. उन्हाचा त्रास नसतो, रस्ते मोकळे असतात आणि वास्तूंचे वरचे मजले निवांत पाहता येतात. जुन्या बाजारपेठेत तळमजल्यावर काचेचे दुकान झालेले असले, तरी वर नजर टाकली की लाकडी कठडा, कोरीव ब्रॅकेट, कौलांची उतरण अजून दिसते. म्हणून पहिला नियम असा, की जुन्या पेठेतून मान वर करून चालावे. अर्थात रस्ता ओलांडताना नव्हे!

दुसरा नियम नावांचा. टपाल नाका, उरण नाका, लाईन आळी, कोळीवाडा, मिरची गल्ली ही पनवेलची नावे म्हणजे विनामूल्य मिळालेला इतिहासग्रंथ आहे. उरण नाक्यावरून वाट कोठे जात होती आणि कोळीवाडा खाडीच्या अंगालाच का, हे मुलांना सांगू नये, विचारावे. उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

मग तळी पाहावीत. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे. खाडीचे पाणी खारट, म्हणून गोड्या पाण्याची साठवण हाच गावाचा प्राण होता. वडाळे तळ्याकाठी बल्लाळेश्वराचे मंदिर आहे. तळे, मंदिर आणि वस्ती यांची ही सांगड आपल्या नगररचनेची खूण होय. पूर्वजांनी पाण्याला देवाच्या सन्निध ठेवले. आपण तळ्यात निर्माल्याची पिशवी टाकतो तेव्हा नेमके काय मोडतो, हे तेथे उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

याच गावात बेने इस्रायलींचे सिनेगॉग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उभे आहे. जगात अनेक ठिकाणी ज्यूंचा छळ झाला. कोकणात मात्र तेल गाळणारा 'शनिवार तेली' गावगाड्यात सुखाने नांदला. मुलांना सहिष्णुतेवर निबंध लिहायला लावण्याऐवजी ही वास्तू बाहेरून जरूर दाखवावी. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी, डोके झाकावे आणि शनिवार टाळावा. तो त्यांचा विश्रांतीचा व उपासनेचा दिवस असतो.

वाडा कसा वाचावा

वाडा पाहायचा म्हणजे त्याच्यासमोर फोटो काढायचा नव्हे. आधी जोते पाहावे. घडीव काळा दगड आहे की ओबडधोबड, यावरून बांधणाऱ्याची ऐपत कळते. मग दरवाजा. मोठ्या दारात छोटी दिंडी कशासाठी? रात्री मोठे दार न उघडता एकेका माणसाला वाकून आत घेता यावे म्हणून. आत देवडी, मग चौक, ओसरी, माजघर, परसू आणि विहीर. परका माणूस कोठवर येणार, पाहुणा कोठे बसणार आणि घरची मंडळी कोठे वावरणार, हे सारे बांधणीतच ठरलेले असे.

मग खण मोजावेत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. जुनी माणसे घराचे माप चौरस फुटांत सांगत नसत. 'आमचे घर आठ खणांचे' असे सांगत. मुलांना छताकडे पाहून खण मोजायला सांगितले की भूमितीचा तास आपोआप होतो. कौले नळीची आहेत की मंगलोरी, हेही पाहावे. मंगळूरला कौलांचा यांत्रिक कारखाना १८६५ मध्ये निघाला. तेव्हा छपरावर मंगलोरी कौल असेल, तर निदान ते छप्पर त्यानंतरचे. खालचे घर त्याहून जुने असू शकते.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वाडा हे कुणाचे तरी घर असते. दारात उभे राहून हाक द्यावी, आपण कोण ते सांगावे आणि परवानगी मिळाली तरच आत जावे. दुपारची वामकुक्षीची वेळ टाळावी, देवघराचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात पडक्या भिंतींच्या आणि माड्यांच्या जवळ मुळीच जाऊ नये. घरातील आजी-आजोबा बोलू लागले की घड्याळ पाहू नये. असा मार्गदर्शक पैसे मोजून मिळत नाही.

शिरढोण ते कर्नाळा

दुसरा दिवस पनवेलबाहेरचा. एस. टी.ने गोव्याच्या रस्त्याला लागावे. पळस्पे फाटा मागे पडला की शिरढोण येते. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचा वाडा व स्मारक पाहून पुढे कर्नाळ्याला जावे. पनवेलपासून हे अंतर सुमारे १२ किलोमीटर. पक्षी अभयारण्याचे प्रवेशशुल्क भरून, प्लॅस्टिक बरोबर न नेता, झाडीतून साधारण दीड तासाची चढण. वाटेत कर्णाई देवीचे मंदिर, माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आणि त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. तेथे आरडाओरडा, धूर आणि अत्तरे टाळावीत. पिण्याचे पाणी घरूनच, धातूच्या बाटलीत न्यावे.

पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव तेथे किल्लेदार होते. त्यानंतर अवघ्या २७ वर्षांनी नातू जन्मला. गेलेला किल्ला त्याच्या घरच्या गोष्टींत होता. पुढे १८७९ मध्ये त्याने रामोशी, कोळी बांधवांना संघटित करून इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. पडकी वास्तू निरुपयोगी असते असे म्हणणाऱ्याने शिरढोणच्या ओसरीवरून उठून एकदा कर्नाळा चढावा.

जुलै २०२५ मध्ये शिवछत्रपतींच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. अभिमानाचीच गोष्ट आहे. कर्नाळा त्या यादीत नाही. पण आपल्या गावाजवळचा दुर्ग पाहायला युनेस्कोच्या शिक्क्याची वाट कशाला पाहायची?

खर्चाचे गणित

या दोन दिवसांना किती पैसा लागला? एस. टी.चे तिकीट, अभयारण्याचे शुल्क आणि घरून बांधून घेतलेली पोळीभाजी. एस. टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य झाला आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. म्हणजे आजीला बरोबर नेल्याने खर्च वाढत नाही, सहलीचा अर्थ मात्र वाढतो. लांबचा बेत असेल, तर एस. टी.च्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना शुल्क नसते. घारापुरीसारखे स्थळ सोमवारी बंद असते. वार न पाहता निघाले की खेप फुकट जाते.

निघण्यापूर्वी गावच्या वाचनालयात एक तास घालवावा. १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पनवेल आणि कर्नाळा या दोहोंचे वर्णन आहे, कारण तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. ते इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

पाहिलेले टिकते

शेवटी एक गंभीर गोष्ट. जुने वाडे झपाट्याने पडत आहेत. त्याबद्दल मालकांना दोष देणे सोपे असते. परंतु दर पावसाळ्याआधीची शाकारणी, वाळवी, गळकी भिंत आणि एका वास्तूला डझनभर वारस, हे सारे त्यांनाच सोसावे लागते. पाहुणा तासाभराने कौतुक करून निघून जातो. राहणाऱ्याला बारा महिने तेथेच काढायचे असतात. सगळे वाडे वाचणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

तरीही जे पडणार आहे त्याची नोंद तरी राहावी. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला एक वास्तू दत्तक घ्यावी. पैशाने नव्हे, वहीने. मुलांनी चौकाचा आराखडा काढावा, खण मोजावेत, दारावरच्या गणेशपट्टीचे चित्र रेखाटावे. मोठ्यांनी घरमालकांच्या संमतीने आठवणी लिहून घ्याव्यात. त्या वहीची एक प्रत वाचनालयात आणि एक त्या घरातल्यांच्या हाती द्यावी. आपले घर कुणी इतक्या आस्थेने पाहिले, हे कळल्यावर एखादा मालक निदान दरवाजा भंगारात घालण्याआधी दोनदा विचार करील. आणि वाडा पडलाच, तर तेथे उभ्या राहणाऱ्या सात मजल्यांच्या इमारतीतील मुलाला आपल्या पायाखाली काय होते, हे त्या वहीत वाचता येईल.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता घराबाहेर पडावे. बरोबर वही, पाण्याची बाटली आणि आजी असावी.