गायनमास्तरांची संस्था



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीतला हा माणूस बोनस आणि ग्रॅच्युइटी यांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. पण आज आम्ही एका गायनमास्तरांवर बोलणार आहोत. आमचे शालेय शिक्षण अर्धवट आणि संगीताचे ज्ञान लालबागच्या चाळीतल्या भजनापुरते; तेव्हा काही चुकले तर जाणकारांनी पदरात घ्यावे. संस्था कशी उभी राहते नि कशी मोडते, एवढे मात्र आम्हांला थोडेफार कळते. आणि आजचा विषय खरे तर तोच आहे.

जर्मनीत लहान गावांतून एक जुनी चाल होती. शाळेचा मास्तर तोच चर्चचा वादक. आठवडाभर मुलांना अक्षरे गिरवायला लावायची आणि रविवारी ऑर्गनपाशी बसायचे. बाखसारखा थोर संगीतकारही लायप्झिग शहरात १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत अशाच नोकरीत होता. लॅटिन शिकवण्याचे काम तेवढे त्याने पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतले! आपल्याकडे शिकवणे आणि भजन एकाच जिवात नांदलेले पाहायचे, तर पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्याकडे वळावे लागते.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. तेथली एक हकीकत सांगतात. एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयातल्या या शिष्याला आले, गुरूंना मात्र नाही. का? तर ते केवळ गवई! विद्येची किंमत नाही आणि मेहेरबानीची आहे, हे शल्य घेऊन १८९६ साली ते मिरजेतून बाहेर पडले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेही राजाच्या नव्हे, लोकांच्या आधारावर. सुरुवातीला विद्यार्थी येईनात, तेव्हा हे गृहस्थ स्वतःच तंबोरा घेऊन वर्गात बसत, असे म्हणतात. १९०८ साली ते मुंबईस आले आणि पुढे गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची इमारत उभी राहिली. गाणे गुरूच्या मर्जीवर चालत असे. त्यांनी ते वेळापत्रकावर आणले. अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली, परीक्षा घेतल्या. ज्या घरांतून गाण्याचे नाव निघत नसे, त्या घरांतल्या मुलामुलींना शिकणे शक्य झाले.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. उपदेशक वर्गातल्या मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. 'करार' म्हटला की आमचे कान टवकारतात. मुलाने नऊ वर्षे बांधून घ्यायची, ही वेठ तर नव्हे? आम्ही पुष्कळ विचार केला. अन्न, निवारा आणि विद्या फुकट होती, आणि शेवटी हातात पोटापाण्याचा सन्मानाचा धंदा येत होता. तरीही शिस्त कडक होती, आणि ती साऱ्यांना मानवली असेल असे आम्ही म्हणणार नाही.

खरी चूक आम्हांला दुसरीकडे दिसते. इमारतीसाठी कर्ज झाले, आणि ते फेडण्याचा भार एका माणसाच्या गळ्यावर पडला. जलसे करायचे आणि हप्ते भरायचे. गळा किती दिवस पुरणार? अखेर इमारत लिलावात गेली. पंडितजी नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वारले.

बंधूंनो, गिरण्यांची कुलुपे पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसाला लिलाव म्हणजे शेवट वाटतो. येथे तसे झाले नाही. त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या प्रारंभिक ते अलंकारपर्यंतच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यास, व्यास बंधूंनी दादरला, देवधर मास्तरांनी गिरगावात वर्ग चालविले. देवधरांकडेच कुमार गंधर्व लहानपणी शिकले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे संगीत सांभाळीत आणि १९३० साली दांडीयात्रेत चालले. जर्मन मास्तराने रविवारी करायचे काम ते रोज सकाळ-संध्याकाळ करीत होते.

एकट्या गुरूला जी वास्तू राखता आली नाही, तिच्यातले काम पुष्कळांनी मिळून राखले. निष्ठावंत माणूस संस्थेचा प्राण असतो, हे खरे; पण त्याच्या निष्ठेवर सगळा बोजा टाकून आपण मोकळे होतो, हेही तितकेच खरे. आमच्या युनियनमध्ये, तुमच्या वाचनालयात, चाळीच्या भजनी मंडळात असा एक मास्तर असतोच. तो पेटी काढतो, वर्गणी मागतो, कमी पडले तर पदरचे घालतो. आणि आपण म्हणतो, 'ते आहेत ना!'

अशा माणसाला हार घालण्याआधी त्याच्या हातातली हिशेबाची वही आपण घ्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.