मसाल्याचे चॉकलेट

चॉकलेट म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो मुलांचा खाऊ. चंदेरी कागद, आत तपकिरी वडी, आणि दूधसाखरेचा मऊ गोडवा. ती वडी कडूही असू शकते, तिच्यात मिरे, सुंठ, प्रसंगी लाल मिरचीही असू शकते, असे कोणी सांगितले तर आपण आधी हसतो आणि मग ‘हे एक नवे खूळ’ म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, हे खूळ असेलही. पण नवे मात्र नाही.

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचे. मेक्सिकोतील जुने लोक त्याच्या बिया भाजून, दगडी पाट्यावर वाटून, पाण्यात फेसाळून पीत. आणि त्या कडवट पेयात मिरची व व्हॅनिलाची शेंग घालीत. 1519 साली कोर्तेस तेथे उतरला आणि पुढे हे पेय स्पेनमध्ये पोचले. 1631 साली अंतोनिओ कोल्मेनेरो नावाच्या स्पॅनिश वैद्याने त्याची कृती छापली. तीत शंभर बियांना दोन मिरच्या, शिवाय दालचिनी आणि व्हॅनिला असे प्रमाण दिले आहे. साखर होतीच, पण ती एकटी नव्हती. पुढे 1847 साली ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी खाण्याची घट्ट वडी काढली, 1875 साली स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर यांनी तीत दूध मिसळले, आणि दुधाने कडूपणा असा काही झाकला की मसाल्याचे कामच उरले नाही.

गंमत पाहा, मिरची आणि कोको ही एकाच मुलखातली भावंडे. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली आणि अशी रुळली की, ती परकी आहे असे म्हणताच कोल्हापूरकर भांडायला उठेल. कोको मात्र मागे राहिला. आता केरळ, कर्नाटक, आंध्र या भागांत तो नारळी-पोफळीच्या सावलीत पिकतो, आणि त्याच पोफळीवर मिऱ्याचा वेल चढलेला असतो. बियांपासून वडीपर्यंत सारे काम स्वतः करणारे लहान कारखानदारही दक्षिणेत उभे राहिले आहेत. त्यांनी मिऱ्याकडे हात केला, यात नवल ते काय?

गेल्या जानेवारीत अशा पाच वड्या घेऊन मी मझौलीला आत्याबाईंकडे गेलो होतो. मझौली हे जबलपूर जिल्ह्यातले, विष्णुवराहाच्या जुन्या मंदिराचे गाव. जानेवारी मुद्दाम निवडला. कारण कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते, आणि त्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शरीराच्या उष्णतेला वितळणे हाच या वडीचा सारा गुण, आणि आपल्या उन्हाळ्यात तोच तिचा शत्रू. वितळून पुन्हा गोठली की तिच्यावर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते. ती बुरशी नसते, पण चव मात्र गेलेली असते.

चाखण्याची रीत साधी आहे. तुकडा चावायचा नाही; जिभेवर ठेवून वितळू द्यायचा. दोन तुकड्यांमध्ये कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. आधी बिनमसाल्याची काळी वडी, मग सौम्य, आणि तिखट सर्वांत शेवटी. आत्याबाईंची जीभ जबलपूरच्या खोव्याच्या जिलबीवर वाढलेली. काळसर रंगाला त्या भ्यायल्या नाहीत, पण पहिल्या वडीने त्यांचे तोंड वाकडे झाले. “अरे, हे औषध आहे की खाऊ?”

वेलदोड्याच्या वडीने आमची निराशा केली. ती उघडताच खोलीभर वास सुटला, आणि तिथेच तिचे सगळे संपले. तोंडात कोको असा लागलाच नाही, आणि टाळूला मेणासारखा थर राहिला. स्वस्त तेल वापरून वर सुगंध ओतला की हेच होते. पुष्कळ ‘मसाला’ वड्यांचे खरे रूप एवढेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव मसाल्याचे आणि काम पांघरुणाचे.

सुंठेची वडी निराळी. चॉकलेटला पाण्याचे वावडे; वितळलेल्या रसात चार थेंब पडले तरी तो आवळून त्याचा रवाळ गोळा होतो. म्हणून ओले आले चालत नाही, सुंठच लागते. ती आधी काही बोलत नाही. कोको विरघळून घशाकडे निघाला की मागून ऊब येते. आत्याबाई थांबल्या, दुसरा तुकडा त्यांनी आपण होऊन उचलला आणि म्हणाल्या, “हा तर रामनवमीचा सुंठवडा, नुसता काळा झालेला.” मला वाटते, यापेक्षा नेमके परीक्षण कोणी करू नये. मिऱ्याचीही तीच गोष्ट. त्याच्या तिखटापेक्षा त्याचा लाकडासारखा सुवास कोकोच्या भाजलेपणाशी जुळतो.

मिरचीवर मात्र आमचे जमले नाही. तिचे तिखट स्निग्धात विरघळणारे. म्हणून ते लोण्यात दडून राहते आणि आपण निश्चिंत झालो की जिभेच्या मुळाशी पेटते. मला ती उशिराची ठिणगी आवडली. आत्याबाईंचे म्हणणे, गोडाच्या पानात ठेच्याने डोकावू नये. मी मेक्सिकोचा दाखला दिला. “त्यांच्याकडे पुरणपोळी नव्हती,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि उरलेला तुकडा त्यांनी माझ्या वाटीत टाकला.

दालचिनीची वडी चांगली होती. तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. मला खरे कुतूहल आहे ते कोकणातल्या तिरफळाचे. बांगड्याच्या आमटीत पडणारे हे फळ लिंबासारखे वासाला येते आणि जीभ किंचित बधिर करते. त्याचे बी कडू म्हणून टाकतात, वरचे टरफल तेवढे वापरतात. ते वाळवून, कुटून कोणी कोकोत घातले, तर ती वडी मी पुढच्या थंडीत मझौलीला घेऊन जाईन. आत्याबाईंनी आधीच नाक मुरडून ठेवले आहे.